सुभेदारणीची तालीम

सुभेदारीण माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी बघायच्या. मी त्यांच्याकडं खोली मागायला गेले तेव्हा त्या अंगणात नाचणी पाखडत होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी आधी माझ्या पायांकडं बघितलं, मग हातातल्या पिशवीकडं, मग माझ्या मागच्या वाटेकडं, आणि हे सगळं उरकल्यावर माझ्याकडं.

"मेढ्यापास्नं चालत आलायसा," त्या म्हणाल्या. "वढ्यात वहाणा काढून हातात घेतल्यासा, कोरड्या हायती. संगं कोन हुतं?"

"कुणी नाही. एकटीच आले."

"एकटी न्हाई. त्यो बगा, आंब्याखाली बसलाय. तुमच्या मागनंच आला. वळखीचा हाय?"

मी वळून पाहिलं. खरंच एक माणूस आंब्याखाली बसून विडी पेटवत होता. तो गावचाच निघाला, बाजार करून घरी चालला होता. पण मेढ्यापासून इथपर्यंत तो माझ्या मागं होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"खोली देते," सुभेदारीण म्हणाल्या. "पर असं आंधळ्यावानी हितं ऱ्हायचं न्हाई."

लढाईची वर्षं होती. माझे यजमान पलटणीत कारकून होऊन ईजिप्तात गेले होते, आणि मला व्हर्नाक्युलर फायनल परीक्षेच्या जोरावर जावळीतल्या त्या गावात मुलींच्या शाळेवर नेमलं होतं. गावातल्या निम्म्या घरांतले पुरुष लढाईवर. सुभेदारणीचं घर वस्तीपासून हाकेच्या अंतरावर, टेकाडाच्या पोटाशी. सुभेदार वारून आठ-नऊ वर्षं झाली होती. त्यांच्या मागं बाईंकडं दोन गोष्टी राहिल्या : त्यांचे पलटणीतले बूट, जे त्या नऊवारीवर घालून शेतात हिंडत, आणि दोन घोड्यांची बारा बोअरची दुनळी बंदूक. बेचाळीसच्या गडबडीनंतर सरकारनं पुष्कळांच्या बंदुका काढून घेतल्या होत्या. सुभेदाराच्या नोकरीकडं बघून यांची तेवढी राहू दिली होती.

बाईंच्या तऱ्हा गावाला पाठ होत्या. कुठल्याही घरात शिरताना त्या उंबऱ्यावर दोन श्वास थांबत. दाराकडं पाठ करून कधी बसत नसत. एकदा लग्नाच्या पंगतीत त्यांना दाराकडं पाठ येणारा पाट मिळाला, तर त्या वाढलेलं ताट उचलून कोपऱ्यात जाऊन बसल्या. मुलीकडची मंडळी घाबरली, काही रुसवा झाला म्हणून. घराच्या मागल्या अंगाला त्या सागाची वाळली पानं पसरून ठेवत. कुत्रं जरी तिकडून आलं तरी पापड मोडल्यासारखा आवाज व्हायचा. गावातल्या बाया हसायच्या. "सुभेदारणीला झाडायचा कट्टाळा, आन् नाव चोराचं," म्हणायच्या.

हे वेड लागलं कशानं, ते त्यांनीच मला सांगितलं. आधीच्या लढाईत सुभेदार बसऱ्याला असताना भर दुपारी एक अनोळखी माणूस थेट स्वयंपाकघरात आला. "मी नवी नवरी. वरडायचं सोडून मी त्येला बसाय पाट दिला," त्या म्हणाल्या. "बाई, सवय वो! मानूस आला की पाट द्यायचा. त्येनं समदी भांडी गोळा केली, आन् जाताना पानी मागितलं. मी त्ये बी दिलं." हे सांगताना त्या हसत नव्हत्या. "त्या दिशी मला कळलं, भ्या वाटतंय त्येच्यानं मानूस मरत न्हाई. ध्यानात येत न्हाई त्येच्यानं मरतं."

मला त्यांनी पहिल्या महिन्यापासूनच शिकवायला घेतलं. आधी नजर. रोज संध्याकाळी मी शाळेतून आले की ओट्यावर बसवून विचारायच्या, "आज काय दिसलं?" वाटेत किती माणसं भेटली, कुणाच्या हातात काय, कोण रोजच्या जागी नव्हतं. "तोंड समदी बघत्यात," त्या म्हणायच्या. "पाय बघावं. मानूस पटका बदलतो, दाढी बदलतो. वहाण कोन बदलत न्हाई, चावती." आणि एक नियम होता, तो मोडलेला त्यांना खपत नसे. दिसलं की बोलायचं. खात्री नसली तरी बोलायचं. पुढं हसू झालं तर होऊ द्यायचं.

मग बंदूक. काडतुसं मिळणं मुश्कील होतं, म्हणून बहुतेक तालीम कोरडीच. नळ्यांत उडवलेली रिकामी काडतुसं घालायची, दस्ता खांद्याच्या खळगीत घट्ट बसवायचा, घोडा चढवायचा. मग बाई नळीच्या टोकाशी एक चिंचोका ठेवायच्या. चाप ओढल्यावर चिंचोका पडता कामा नये. पडला म्हणजे हात हिसकला. मला ते जमायला तीन महिने लागले. महिन्यातून एकदा खरं काडतूस. ओढ्याच्या दरडीला जुनं धोतर ताणून बांधायचं आणि वीस पावलांवरून मारायचं. छऱ्यांची भोकं सुपाएवढ्या जागेत पडत. चाळीस पावलांवरून मारलं की तेच दाराएवढं पसरे. "ह्ये नीट बगा," बाई धोतराला बोट लावून म्हणायच्या. "बंदूक एकट्याला लागत न्हाई. त्येच्या शेजारी कोन, मागं कोन, ह्ये आधी बघायचं. आन् लय करून उडवायचीच न्हाई. बंदूक म्हंजी दाराची कडी. कडी हाय म्हणून चोराला बलवायचं न्हाई."

त्यांची शाबासकी दोन शब्दांची होती : "बरं हाय." दोन वर्षांत मला ती सहा वेळा मिळाली. मी मोजत होते. माझी आई मी लहान असतानाच गेली, सासर दूर कवठे महांकाळला, यजमानांचं पत्र तीन-तीन महिन्यांनी. त्या ओट्यावर संध्याकाळी मला कुणीतरी "आज काय दिसलं?" विचारतं, यासाठी मी दिवसभर डोळे उघडे ठेवून हिंडत होते, असं म्हटलं तरी चालेल.

आणि मग ठकू आली.

वरच्या पठारावर गवळी-धनगरांची चार घरं होती. ठकू तिथली. वीसेक वर्षांची, नवऱ्यानं टाकलेली, माहेरी राहून म्हशींचं बघायची. दुधाची चरवी घेऊन सकाळी खाली यायची. एक दिवस दूध ओतता ओतता म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या मागच्या पाल्यावर रातचं कायतरी बसून गेलंय. पालं दबल्यात, पर मोडल्यालं न्हाईत. दव पडल्यावर आलं आसंल, वली पानं वाजत न्हाईत."

सुभेदारीण जागच्या उठल्या. मागं जाऊन बघून आल्या. तरसाच्या पायाचे ठसे होते. परत येऊन त्यांनी ठकूला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "ह्येला म्हणत्यात डोळा."

मी दात घासत उभी होते. दोन वर्षांत मला कधी मिळालं नव्हतं ते वाक्य एका चरवीमागं तिला मिळालं.

पुढच्या आठवड्यात ठकू तालमीला यायला लागली. पहिल्याच दिवशी चिंचोका जागचा हलला नाही. बाईंनी दुसरा ठेवला, तोही नाही. तिला वाचता येत नव्हतं, शंभराच्या पुढं मोजता येत नव्हतं, आणि दस्त्याला गाल टेकवला की तिचा श्वास बंद झाल्यासारखा वाटायचा. "म्हशीची धार काढून हात बसल्यात," ती लाजून म्हणायची. मला ते लाजणंसुद्धा ढोंग वाटायचं. सुभेदार चहा प्यायचे ते पांढरं टमरेल बाई कुणाला देत नसत. ठकूला दिलं. मी त्या घरात भाडेकरू होते, कपबशीतून प्यायचे.

हेवा वाटतो म्हणजे काय होतं, हे मला तेव्हा कळलं. माणूस मनानं बारीक होतं. मी तिच्या चुका टिपायला लागले. ती वहाणा उंबऱ्याच्या आत नेते, ती खिडकीत टेकून उभी राहते. संध्याकाळी मीच आधी सांगायचे, म्हणजे तिला उरू नये. पण तिच्याकडं मी न बघितलेलं काहीतरी असायचंच.

एका गुरुवारी बाई शेतात गेल्या होत्या. मी सुट्टी म्हणून घरी होते. एक बैरागी आला. अंगाला राख, गळ्यात माळा. मी ओंजळभर पीठ घातलं. त्यानं पाणी मागितलं आणि पिता पिता घराच्या कडेनं मागं नजर टाकली. त्याच्या पायात चांगल्या जाड वहाणा होत्या. डावीचा अंगठा तुटून तांबड्या कातड्यानं टाचलेला होता. बैराग्याला अशा वहाणा कुठून, असं मनात येऊन गेलं.

त्या संध्याकाळी मला कुणी विचारलंच नाही. बाई ठकूचा दस्ता खांद्यावर नीट बसवण्यात गुंतल्या होत्या. न विचारता सांगायला माझा ताठा आडवा आला. म्हटलं, विचारतील तेव्हा सांगू.

रविवारी कल्हईवाला आला. भाता, कोळसे, नवसागर, सगळं सामान. अंगणात बसून त्यानं बाईंची भांडी उजळून दिली. ठकू भाता हलवत त्याच्याशी बोलत होती, बाई ओट्यावर सुपारी कातरत होत्या. मी दारातून बघितलं, आणि मला डावी वहाण दिसली. तांबड्या कातड्याचा टाका.

मी पुन्हा बघितलं. तोच माणूस. राख धुतलेली, मिशी काढलेली, पण तोच. बंदुकीला त्या दिवसांत गिऱ्हाइकं फार होती, आणि ती कुठं आहे हे बघायलाच हा दोनदा आला होता, याबद्दल मला शंका राहिली नाही. भीती वाटलीच. पण तिच्याआधी आनंद झाला. ठकू त्याच्यापासून दोन हातांवर बसली होती आणि तिला काही कळलं नव्हतं. बैरागी आला त्या दिवशी ती इथं नव्हतीच, तिला कळणार तरी कसं, हा विचार मी मनात येऊ दिला नाही.

संध्याकाळी बाईंनी विचारलं, "आज काय दिसलं?"

ठकूनं काय काय सांगितलं. कल्हईवाल्याबद्दल एवढंच की तो वाईकडचा असं म्हणाला.

"बाई, तुमी?"

"काही विशेष नाही," मी म्हणाले.

माझा बेत असा होता : उद्या सोमवार, मेढ्याचा बाजार. बाई परवान्याच्या नूतनीकरणासाठी कचेरीत जाणार होत्या. त्या परत आल्या की ठकूसमोर सांगायचं. दोन सोंगं, एक वहाण. आणि मग ठकूकडं वळून म्हणायचं, तुझ्या शेजारीच बसला होता ना गं?

सकाळी निघताना सुभेदारीण उंबऱ्यावर दोनदा थांबल्या. माझ्याकडं बघितलं. मी वेणी घालत होते, खाली बघून घालत राहिले. ठकूला दुपारपर्यंत घरी बसायला सांगून त्या गेल्या. मी शाळेत गेले.

फळ्यावर पाढे लिहीत असताना बार ऐकला. एकच.

मी कशी धावले मला आठवत नाही. अंगणात पोचले तेव्हा पाणवठ्यावरून येणाऱ्या चार-पाच बाया घागरी टाकून उभ्या होत्या. जांभळीची एक फांदी तुटून लोंबत होती. दारावर कुऱ्हाडीचा एक घाव होता. ओट्यावर ठकू बसली होती, मांडीवर दुनळी, नळ्या उघडून रिकाम्या केलेल्या. तिचा उजवा हात दोरी तुटल्यासारखा लोंबत होता. मानेखालचं हाड कातडीला टोचून वर आलं होतं.

"बाई, त्या बायांस्नी काय लागलं न्हाई न्हवं?" तिनं पहिलं हे विचारलं.

कल्हईवाला दुसऱ्या माणसाला घेऊन आला होता. एक तांब्या राहिलाय म्हणाला. कालचा माणूस, म्हणून तिनं दार उघडलं. दुसऱ्यानं लोखंडी सांडशीनं तिच्या खांद्यावर मारलं. ती आत पडली, पण पडल्या पडल्या पायानं दार लोटून कडी सरकवली. कणगीमागून बंदूक काढली, एका हातानं भरली, नळी खिडकीच्या गजांवर टेकवून दस्ता डाव्या खांद्याला लावला. कल्हईवाला कुऱ्हाडीचा एक घाव दारावर घालून पुढच्या घावासाठी मागं सरला होता.

"धा पावलांवर हुता," ती म्हणाली. "पर त्येच्या मागं वाटंवर पान्याच्या बाया. छरं पसरलं असतं. म्हणून वर उडवली. फांदी अंगावर आली तवा दोगं पळालं."

मी तिच्याजवळ बसले, पदरानं तिचा हात बांधला. लोकांना वाटलं मी रडतेय ते कळवळ्यानं. खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा मला आधी हेवाच वाटला. हाड मोडलेलं असताना हिनं मागं कोण आहे ते बघितलं. मी तिथं असते तर बघितलं असतं का? मला उत्तर माहीत होतं, आणि त्याबद्दल मला तिचा राग आला. लाज त्यानंतर आली. ती मात्र अजून गेलेली नाही.

पळताना एकाची तांबड्या टाक्याची डावी वहाण अंगणात राहिली होती. दुपारी सुभेदारीण आल्या. ठकूला हाडवैद्याकडं पोचवून परत आल्यावर त्यांनी ती वहाण उचलली, उलटी-सुलटी केली आणि माझ्यापुढं धरली.

"बाई, ही आदी कुठं बघितली हुती?"

"नाही," मी म्हणाले. "काल असेल कल्हईवाल्याच्या पायात. माझं लक्ष नव्हतं."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्यांनी मला काहीच विचारलं नाही. शाळेतून मी यायचे, ओट्यावर बसायचे. त्या नाचणी निवडायच्या, पाऊसपाण्याचं बोलायच्या, कधी रागानं बोलल्या नाहीत. आठ दिवस, पंधरा दिवस. मी मुद्दाम मोठ्यानं सांगायचे, "आज पुलापाशी दोन परके बसले होते." त्या म्हणायच्या, "असत्याल."

महिन्यानं फौजदार चौकशीला आला. पंचनामा वाचून म्हणाला, परवाना सुभेदारणीचा, मग बार दुसरीनं कसा काढला? परवान्यावर तिचं नाव लावायला अर्ज करा, जबाबदार माणसाची साक्ष जोडा. नाहीतर बंदूक जमा, आणि त्या गवळणीवर खटला.

सुभेदारीण दौत-टाक घेऊन माझ्या खोलीत आल्या. "लिवा," म्हणाल्या. "साक्षीदार तुमी. गावात दुसरं लिवणारं जबाबदार कोन हाय?"

दोन वर्षं मी ती बंदूक चालवली होती. परवान्यावर माझं नाव लावावं असं त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. आता मी माझ्या हातानं तिचं नाव लिहायचं होतं. टाक दौतीत बुडवून मी तशीच बसले. वाटलं, साक्ष जरा कोमट लिहिली तरी पुरे. कुणाला कळणार नाही.

मग मी लिहायला लागले ते थांबलेच नाही. तिला नेम येतो, संयम येतो, जखमी असताना मागच्या बायांना जपण्यासाठी तिनं बार वर काढला. आणि शेवटी लिहिलं, हा माणूस आधी बैरागी होऊन आला होता हे मला आदल्या दिवशीच ओळखू आलं होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हे घडलं नसतं.

"वाचा," बाई म्हणाल्या. मी वाचलं. शेवटचंही वाचलं.

त्या माझ्यासमोर खाली बसल्या. मग म्हणाल्या, "त्यो कल्हई करत हुता तवा मी त्येच्याकडं बघतच नव्हते. तुमच्याकडं बघत हुते. तुमची नजर दोनदा त्येच्या पायाकडं गेली, आन् तोंड उजळलं. मला कळलं, बाईंना कायतरी गावलंय. म्हणलं, सांगत्यात का बघू. सांजच्याला न्हाई, सकाळी सांगत्याल." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "दिसलं की बोलायचं, ह्यो नेम माझा. आन् मीच गप ऱ्हायले. तुमी तिची परीक्षा घेत हुता, मी तुमची. हाड मोडलं पोरीचं."

मी कागद खाली ठेवला.

"शेवटचं तेवढं खोडा," त्या उठत म्हणाल्या. "सरकारला काय करायचंय त्येच्याशी? जिला सांगायचं तिला सांगा."

दुसऱ्या दिवशी मी पठारावर चढून गेले. ठकू घराच्या पडवीत ताक घुसळत होती. हाड जुळलं होतं, पण उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. ती डाव्या हातानं दोरी ओढायची आणि उजवा नुसता बरोबर जायचा. मी समोर बसले आणि गुरुवारपासून सगळं सांगितलं. तिच्या टमरेलाचं, शाबासकीचं, सगळं. रवी थांबली नाही. सांगून झालं तरी ती घुसळतच होती.

"मला वाटायचं, बाई शिकल्याल्या, आपल्यासंगं बोलत न्हाईत, तर आपलंच कायतरी चुकलं आसंल," ती शेवटी म्हणाली. मग थोड्या वेळानं, "रातचं लय ठणकतं वो. कूस बदलाय येत न्हाई."

मी मान खाली घातली. क्षमा मागितली तर ती लगेच देऊन टाकेल आणि मी मोकळी होईन, हे मला दिसत होतं. म्हणून मागितली नाही.

रवी थांबली. ठकूनं दोरीची दोन्ही टोकं माझ्यापुढं केली.

"घ्या. माजा हात भरून आलाय."

मी दोरी घेतली. मला घुसळता येत नव्हतं, ताक अंगावर उडत होतं. "हळू," ती म्हणाली, "दोनी हात सारखं वडा." ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली, आणि लोणी येईपर्यंत मी घुसळत राहिले.